कुमारांचा वाचनकट्टा आणि अवघड विषयांची पुस्तकं: या चुका टाळा

आमच्या शाळेत आठवी-नववीचा वाचनकट्टा मी चालवते. दर बुधवारी, मधल्या सुट्टीनंतरचा तास, ग्रंथालयातल्या सतरंजीवर. दारुडा बाप, आईवडिलांचा घटस्फोट, जात, रंगावरून चिडवणं, कुणाची तरी आत्महत्या, असं सगळं ज्यात येतं ती पुस्तकं आम्ही वाचतो. आजूबाजूच्या शाळांतून नव्याने कट्टा सुरू करणाऱ्यांचे फोन येतात. एक तर "बाई, मुलं बोलतच नाहीत", नाहीतर "बाई, पालक चिडलेत". दरवेळी तेच सांगून जीभ दुखायला लागली, म्हणून आता लिहूनच काढते.

"तुमच्या घरी असं कधी घडलंय का?"

हा प्रश्न विचारू नका. बाकीचं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण हा विचारू नका.

मी विचारलेला आहे. कट्ट्याचं दुसरंच वर्ष होतं. अरुण साधूंची 'झिपऱ्या' वाचत होतो. मुंबईच्या रेल्वे स्टेशनांवर बूटपॉलिश करणारी पोरं. मुलं रंगली होती, पॉलिशच्या धंद्याचा हिशोब मांडत होती, पोरांच्या टोळीत खरा पुढारी कोण यावर भांडत होती. मला मात्र घाई झाली. चर्चा 'खोल' जायला हवी होती ना! मी म्हटलं, "घरासाठी कमवावं लागतं असं इथे कुणी आहे?"

मागच्या बाजूला एक हात हळूच वर झाला. संध्याकाळी एसटी स्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावर ग्लास विसळतो, म्हणाला. मला भरून आलं. मी टाळ्यासुद्धा वाजवायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत अख्खा वर्ग त्याच्याकडे कटिंग मागत होता. पुढच्या बुधवारी तो आला नाही, त्यापुढच्याही नाही. पुस्तक मित्राच्या हाती परत पाठवलं. त्यात बसच्या तिकिटाची खूण होती, निम्म्यावर. व्हरांड्यात गाठून मी विचारलं तर खाली बघत म्हणाला, "बाई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

यावर काय बोलणार?

झिपऱ्याबद्दल बोलताना तो आधीपासून स्वतःबद्दलच बोलत होता. पॉलिशचा हिशोब सगळ्यांत बारकाईने त्यानेच मांडला होता, हे मला नंतर आठवलं. पुस्तक हा मुलांचा आडोसा असतो. त्याच्यामागे उभं राहून त्यांना हवं तेवढं बोलता येतं, आणि कोण कशावरून बोलतंय हे कुणाला कळत नाही. आपण मोठी माणसं तो आडोसाच ओढून काढतो आणि वर म्हणतो, मुलं मोकळी झाली.

तेव्हापासून माझा नियम एकच: प्रश्न पात्राबद्दल. 'तू त्याच्या जागी असतास तर?' हा पाठ्यपुस्तकी स्वमताचा प्रश्नही नको, त्याने मूल एक तर आदर्श उत्तर देतं किंवा गप्प बसतं. 'त्याने आईला हे का सांगितलं नसेल?' असं विचारा. ज्याला उत्तर ठाऊक असतं त्याचा आवाज बदलतो. तो लक्षात ठेवायचा आणि पुढे जायचं. ज्याला खरंच काही सांगायचंय तो तास संपल्यावर पुस्तकं लावायला रेंगाळतो. म्हणून तास सुटल्यावर मी दहा मिनिटं जागची हलत नाही.

"इथलं इथेच राहील" असं वचन देणं

द्यायला छान वाटतं, पण पाळता येत नाही. एखाद्या मुलीने रेंगाळता रेंगाळता सांगितलं की शेजारचे काका अंगाला हात लावतात, तर काय करणार? 2012च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ही माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, आणि न देणं हा गुन्हा आहे. शाळेची अब्रू, पालकांची विनवणी, काहीही त्याच्या आड येत नाही. मग त्या मुलीला वाटणार, बाईंनीही फसवलं. मी पहिल्याच दिवशी सांगते: "इथलं बोलणं बाहेर चघळायचं नाही. पण कुणाला इजा होतेय असं मला कळलं तर मी गप्प बसणार नाही." मुलांना हे बरोबर समजतं. ग्रंथालयाच्या दारामागे मुलांच्या मदतीसाठीचा 1098 आणि मानसिक आरोग्याच्या मदतीसाठीचा टेलिमानसचा 14416, दोन्ही नंबर मोठ्या अक्षरांत लिहिलेत. दारामागे अशासाठी, की पुढ्यात लावले तर कोण उतरवून घेतंय ते सगळ्यांना दिसतं.

मलपृष्ठ वाचून पुस्तक निवडणं

याला मी आळस म्हणते. आधी पूर्ण वाचा. मग पेन्सिल घेऊन परत वाचा.

जड प्रकरण शनिवारी घेणं

सकाळची शाळा, वेळ असतो, म्हणून काही जण शनिवार निवडतात. पुस्तकातल्या मुलाच्या वडिलांनी गळफास घेतला, घंटा झाली, मुलं घरी. सोमवारपर्यंत ती कुणाला दिसणार नाहीत. असं प्रकरण आठवड्याच्या मध्यात घ्या, तासाच्या सुरुवातीला घ्या, आणि मोठ्याने तुम्हीच वाचा. कसं केलं, कशाने केलं यावर चर्चा जाऊच देऊ नका. मागे राहिलेल्यांवर बोला. शेवटची पाच मिनिटं दुसऱ्या कशाला तरी द्या, आम्ही भेंड्या खेळतो. एका निरीक्षकांना ते फार थिल्लर वाटलं होतं. वाटू दे.

पालकांपासून लपवणं

एका वर्षी पुस्तकातल्या एका पानाचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. पानावर एक शिवी होती, तिला लाल गोल. आधीचं पान नाही, पुढचं नाही. रात्री साडेदहाला मुख्याध्यापिकांचा फोन. चूक माझीच, कारण त्या पालकांनी ते पुस्तक त्याआधी पाहिलंच नव्हतं. आता निवडलेल्या पुस्तकाची एक प्रत पंधरा दिवस आधी ऑफिसात ठेवते आणि डायरीत चार ओळी लिहून पाठवते: विषय काय, कुठल्या पानांवर काय खटकू शकेल. शिवीचं पानही लिहिते. वाचायला मोजून दोन-तीन पालक येतात, पण फोटो पुन्हा फिरला नाही. आणि कुणी 'माझ्या मुलीला हे नको' म्हटलं तर वाद न घालता तिला दुसरं पुस्तक द्यायचं. ती पहिलं कुठून तरी मिळवून वाचतेच.

औषधासारखं पुस्तक देणं

वडील पितात, म्हणून सगळ्यांसमोर त्याच मुलाच्या हातात व्यसनावरची कादंबरी. शहाण्या माणसांनाही हे कसं सुचतं कळत नाही. ते पुस्तक सतरंजीवर इतर पाच पुस्तकांत ठेवून द्या, ज्याला हवं तो उचलेल.

आधी व्याख्यान, मग पुस्तक

मिलिंद बोकिलांची 'शाळा' घेताना एका शिक्षकमित्राने पूर्ण तास आणीबाणीवर घालवला. 25 जून 1975 पासून सुरुवात, फळ्यावर तारखा. मुलांना वाटलं इतिहासाचा ऑफ तास भरून काढतायत. त्या कादंबरीतली मुलं नववीतली. मुकुंदाचं सगळं लक्ष शिरोडकर नावाच्या मुलीकडे, आणि आणीबाणी मोठ्यांच्या बोलण्यातून कडेकडेने येते. तिला तिथेच राहू द्या. तिसऱ्या-चौथ्या बुधवारी कुणीतरी विचारतंच, "बाई, म्हणजे नक्की काय होतं?" तेव्हा दहा मिनिटं पुरतात. (चित्रपट पाहून आलेले लगेच ओळखू येतात. त्यांना हाकलू नका, शेवटाबद्दल विचारू मात्र नका.)

'यातून काय बोध घेतला?' हा प्रश्न मूल्यशिक्षणाच्या तासाला ठेवा.

झेरॉक्स काढून वाटू नका. कायद्याचं सोडा, सुट्या पानांचं पुस्तक कुणी जपत नाही. बारा मुलांना सहा प्रती पुरतात. दोघांत एक, वाटून वाचताना अर्धी चर्चा बाकावरच होते.

कट्टा 15 ऑक्टोबरला सुरू करू नका. वाचन प्रेरणा दिनाचा फोटो निघतो, मग दिवाळीची सुट्टी, आणि सुट्टीनंतर सतरंजी पुन्हा कपाटावर. जुलैत सुरू करा, पावसात मुलांना मैदानही नसतं.

राहिला तो पहिला फोन: मुलं बोलत नाहीत. मी विचारते, किती वेळ थांबलात? उत्तर येतं, "थांबले होते की थोडा वेळ." हा थोडा वेळ म्हणजे चार सेकंद. माझी सवय अशी, की प्रश्न टाकला की मी पुस्तकांना कव्हर घालायला घेते. मान वर करायची नाही. एक कव्हर घालून होतं, कधी दोन. मग कुणीतरी म्हणतं, "पण बाई, त्याच्या आईचंही चुकलंच ना?"