आफ्रिकी तत्त्वज्ञानातील दिवाणी कायदा आणि चर्चचा कायदा: अभ्यासाला कोठून सुरुवात करावी?

या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्याने वसाहतकाळाऐवजी इथिओपियापासून सुरुवात करावी, असे माझे मत अभ्यास करताना पक्के झाले. वसाहत झालेल्या बहुतेक देशांत सरकारी कायदा आणि चर्चचा कायदा दोन्ही बाहेरून आले, त्यामुळे तेथील चर्चा लवकरच स्थानिक रूढींच्या वादाकडे वळते. इथिओपियात मात्र ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकापासून राजसत्तेशी जोडलेला होता.

मुख्य ग्रंथ 'फेथा नगस्त', म्हणजे राजांचा कायदा. तेराव्या शतकात इजिप्तमधील कॉप्टिक (तेथील ख्रिस्ती पंथाचा) विद्वान इब्न अल-अस्साल याने अरबीत केलेला हा संग्रह पुढे गीझ या इथिओपियाच्या प्राचीन भाषेत आला. त्याच्या 51 प्रकरणांपैकी पहिली 22 चर्चव्यवस्थेची आहेत. उरलेल्यांत विवाह, वारसा, कर्ज, शिक्षा येतात. याज्ञवल्क्यस्मृतीतील आचार आणि व्यवहार हे विभाग मराठी वाचकाला येथे आठवतील, पण साम्य फार ताणू नये, कारण येथील दिवाणी भागावर बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, कायद्याची दाट छाया आहे. मी वापरलेले 1968 चे इंग्रजी भाषांतर पौलोस त्झादुआ या कॅथलिक धर्मगुरूंचे असून ते आदिस अबाबाच्या विद्यापीठातील कायदा विभागाने काढले, हा योग विषयाला साजेसाच म्हणायचा.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने 31 वे प्रकरण सावकाश वाचावे. माणसे निसर्गतः स्वतंत्र आहेत आणि दास्य युद्धातून येते, असे मांडून तोच ग्रंथ दास्याचे नियमही सांगतो. 1667 हे वर्ष ज्यावर आहे तो इथिओपियन विचारवंत झेरा याकोबचा 'हताता' (म्हणजे शोध) हा ग्रंथ विवेकालाच निकष मानतो आणि उपवास, संन्यासी ब्रह्मचर्य तसेच माणसांची खरेदी-विक्री या तिन्हींना त्याच कसोटीवर घासतो. मात्र हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकातील इटालियन मिशनरी जुस्तो दा उर्बिनोने रचला, असे काही अभ्यासक मानतात. हा वाद न सांगता त्यावर युक्तिवाद उभारल्यास परीक्षक तेथेच अडवतील, आणि त्यांचे काही चुकणार नाही.

आधुनिक भागासाठी 1960 ची दिवाणी संहिता आणि 1995 ची राज्यघटना पुरेशी आहे. घटनेच्या अकराव्या कलमाने धर्म आणि राज्य वेगळे केले, तरी चौतिसावे कलम पक्षकारांची संमती असल्यास कौटुंबिक वाद धार्मिक किंवा रूढीच्या कायद्याने सोडवण्यास वाव देते. कुटुंबाच्या दबावाखाली दिलेली संमती येथे ग्राह्य धरावी का, हा प्रश्न एका प्रबंधाला पुरून उरेल.