‘फिरायला’ म्हणजे रोमिंग नाही: प्रवासापुरतं इंग्रजी कसं शिकावं

वडोदऱ्यात आमच्या दांडिया बाजारात दर दोन घरांआड कुणाचा तरी मुलगा नाहीतर सून परदेशात आहे, आणि व्हिसा आला की आई-बाबा माझ्याकडे येतात, आता जरा इंग्रजी बोलायला शिकव म्हणून. बरीच वर्षं हे करतेय. येताना प्रत्येकाच्या हातात कुठूनतरी उतरवलेली शब्दांची यादी असते, ‘प्रवासाचे शंभर इंग्रजी शब्द’ छाप. मागे एक काकू आल्या, वहीत सुंदर अक्षरात ओळीने लिहिलेलं, अकोमोडेशन, ॲडव्हेंचर, इटिनररी, डेस्टिनेशन, स्पेलिंगसकट पाठ. मी विचारलं, काकू, तिथे गेल्यावर काय करणार, सांगा इंग्रजीत. त्या म्हणाल्या, माय सन विल रोटेट मी. मुलगा मला फिरवेल, हे सांगायचं होतं, पण रोटेट म्हणजे जागच्या जागी गोल फिरवणं. शंभर शब्द पाठ आणि त्यातला एकही इथे कामाचा नाही. म्हणून रोज दहा शब्द पाठ करा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. इंग्रजीतच विचार करा, हा तर त्याहून वाईट सल्ला, पासष्टाव्या वर्षी दीड महिन्यात कुणी इंग्रजीत विचार करायला लागत नाही.

माझी पद्धत उलटी आहे. आपण मराठीत काय बोलतो तिथून सुरुवात करायची.

पहिली पायरी. वही घ्या आणि प्रवासात तुम्हाला खरोखर जी वाक्यं बोलावी लागतील ती मराठीत लिहा. वीस-पंचवीस पुरतात.

दुसरी पायरी. जे शब्द येतातच ते खोडून टाका. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, बोर्डिंग पास, टॅक्सी, हे शिकण्यात वेळ घालवू नका. फक्त लगेजचं अनेकवचन होत नाही एवढं लक्षात ठेवा, लगेजेस नाही, टू बॅग्ज म्हणा.

तिसरी पायरी म्हणजे ‘फिरणं’. सगळं घोडं इथे अडतं म्हणून यावर मी तीन-चार दिवस घालवते.

आधी माझं सांगते. पहिल्यांदा मुलीकडे गेले तेव्हा माझं इंग्रजी वाईट नव्हतं, ऑफिसात इंग्रजी पत्रं लिहायचे. इमिग्रेशनच्या काउंटरवर साहेबाने विचारलं, व्हॉट इज द पर्पज ऑफ युअर व्हिजिट? डोक्यात मराठी वाक्य आलं, मुलीकडे आलेय, फिरायला, आणि तोंडातून निघालं, रोमिंग. तो म्हणाला, रोमिंग व्हेअर? मी म्हटलं, हिअर अँड देअर. मग मला बाजूला उभं केलं, दुसऱ्या माणसाने परत सगळं विचारलं, कुठे राहणार, कुणाबरोबर, पैसे किती आणलेत. पाऊण तास मी हातात फाइल धरून उभी होते आणि बाहेर मुलगी वाट बघत होती. चूक फक्त एका शब्दाची होती. रोम म्हणजे काही ठिकाणा नसताना भटकणं, गुरं मोकळी सोडली की फिरतात ना, ते. मोबाइलच्या रोमिंगने तो शब्द आपल्या तोंडी इतका बसलाय की प्रवास म्हटलं की तोच आधी बाहेर येतो. त्यात आपण बडोद्याचे, घरात ‘फिरायला जायचंय’ आणि रिक्षावाल्याशी ‘फरवा जवुं छे’, म्हणजे ही सवय दोन भाषांनी पक्की केलेली, ती सुटायला जास्त मेहनत लागते.

खरी अडचण अशी आहे की ‘फिरणं’ याला इंग्रजीत एक शब्दच नाही. आपण एका शब्दात सात-आठ कामं करतो आणि इंग्रजीत प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. म्हणून शब्द शोधायच्या आधी स्वतःला विचारायचं, मी नक्की कसलं फिरणार आहे? जेवणानंतर पाय मोकळे करायला, तर गो फॉर अ वॉक. राजवाडे, देवळं, म्युझियम बघत, तर गो साइटसीइंग, आणि इथे गोइंग फॉर साइटसीइंग म्हणू नका, मधला फॉर आपण आपल्याकडचा घालतो. आठवडाभर गावोगाव हिंडायचंय, तर ट्रॅव्हल अराउंड. दोन-चार दिवस कुठेतरी जाऊन परत, तर गो ऑन अ ट्रिप. संध्याकाळी सहज बाहेर पडायचं, गो आउट. मॉलमध्ये नुसतं बघत फिरताय आणि दुकानदारीण कॅन आय हेल्प यू म्हणत आली तर घाबरून बाहेर पडायचं नाही, जस्ट लुकिंग, थँक यू, एवढं म्हणायचं, ती हसून निघून जाते. आणि मुलगा फिरवेल त्याला, माय सन विल शो मी अराउंड. त्या काकूंनी हे एक वाक्य आठ दिवस घरात सगळ्यांना ऐकवलं, नंतर तिकडून फोन केला तेव्हा पहिलं वाक्य तेच बोलल्या.

इमिग्रेशनला यातलं काहीच लागत नाही हेही सांगून ठेवते. तिथे व्हिजिट हा एकच शब्द चालवा. आय ॲम व्हिजिटिंग माय सन. किती दिवस, तर टेन वीक्स, जे खरं असेल ते. नातवंडांसाठी जाणाऱ्यांना माझा एक कडक इशारा आहे, ‘नातवाला सांभाळायला’ याचं बेबीसिटिंग करू नका, तिकडे बेबीसिटिंग म्हणजे बहुतेक वेळा पैसे घेऊन केलेलं काम, आणि व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही. खोटं अजिबात बोलायचं नाही, पण आपण नातवाला भेटायला, त्याच्याबरोबर राहायला जातोय हेच खरं असेल तर तसंच म्हणा, टु स्पेंड टाइम विथ माय ग्रँडसन.

याच पायरीत ‘प्रवास’ पण सोडवून घ्या, कारण तोही असाच. ट्रॅव्हल हे मुख्यतः क्रियापद, आय लाइक टु ट्रॅव्हल ठीक, पण ‘प्रवास कसा झाला’ याला हाऊ वॉज युअर ट्रॅव्हल म्हणत नाहीत, हाऊ वॉज युअर ट्रिप किंवा सरळ हाऊ वॉज युअर फ्लाइट. ट्रिप म्हणजे जाऊन येणं, सगळं मिळून. जर्नी म्हणजे इथून तिथे जाण्याचा मधला भाग, अहमदाबादहून निघाल्यापासून पोहोचेपर्यंतचे सतरा-अठरा तास. टूर म्हणजे ठरलेल्या कार्यक्रमाने एकेक ठिकाण बघत जाणं, किंवा एकाच वाड्याची गाइडबरोबर मारलेली फेरी. पिकनिक म्हणजे आपली दिवसभराची सहल नाही, डबा घेऊन बागेत बसून खाणं. सहलीला डे ट्रिप म्हणा. आणि व्हिजिट क्रियापद असेल तर पुढे टू लावू नका, व्हिजिट द म्युझियम, बास. लोक व्हिजिट टू द म्युझियम म्हणतात कारण अ व्हिजिट टु द म्युझियम हे नाम म्हणून बरोबर असतं आणि दोन्हीची खिचडी होते.

हे पाठ करायचं नाही. मी काय करते, समोर बसून मराठीत वाक्य फेकते, ‘उद्या सयाजीबागेत फिरायला येतेस?’, ‘दिवाळीत राजस्थान फिरलो’, ‘पाहुण्यांना गाव फिरवून आणलं’, आणि समोरच्याने आधी फक्त एवढंच सांगायचं की हे कुठलं फिरणं आहे, चालणं की बघणं की हिंडणं की दाखवणं. इंग्रजी नंतर. हे वेगळं करणं जमलं की इंग्रजी आपोआप सापडतं. ज्यांना हे जमत नाही त्यांना मी पुढच्या पायरीवर जाऊ देत नाही, मग ते कितीही घाई करोत, तिकीट पुढच्या आठवड्याचं असलं तरी.

चौथी पायरी, अशाच आणखी तीन मराठी शब्दांची फोड. ‘उतरणं’ घ्या. बस, ट्रेन, विमान, बोट यातून उतरलात तर गेट ऑफ. कार, टॅक्सी, रिक्षातून, गेट आउट ऑफ. विमान स्वतः उतरलं तर लँड. हॉटेलात उतरलो तर स्टे ॲट. आपण सगळीकडे गेट डाउन म्हणतो आणि तिकडे गेट डाउन म्हणजे पटकन खाली वाक, चालत्या बसमध्ये ओरडून म्हणालात तर लोक दचकतील. ‘लागणं’ तसंच, फलाटावर गाडी लागली ते द ट्रेन इज इन, पण मला गाडी लागते ते आय गेट कारसिक, विमानात एअरसिक, आणि हे वाक्य ज्यांना त्रास होतो त्यांनी नक्की पाठ करावं कारण गोळी मागायची वेळ कधीही येते. ‘भाडं’, बसचं-टॅक्सीचं फेअर, घराचं-गाडीचं रेंट. म्युझियमचं मात्र भाडं नसतं, तिथे एंट्री फी किंवा ॲडमिशन.

पोहोचणं याला रीच म्हटलंत तर पुढे टू नको. अराइव्ह म्हटलंत तर स्टेशनला ॲट आणि शहराला इन.

पाचवी पायरी, आपलं देशी इंग्रजी घरी ठेवून जा. हे शब्द चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही, आपल्यात छान चालतात, पण तिकडे कळत नाहीत. आउट ऑफ स्टेशन हा इंग्रजांच्या काळातला, साहेबाची नेमणूक जिथे ते त्याचं स्टेशन, आता तिकडे आउट ऑफ टाउन म्हणतात. हॉटेल म्हणजे फक्त राहायची जागा, खायला रेस्टॉरंट. पार्सल मागायचं तर अमेरिकेत टु गो, ब्रिटनमध्ये टेकअवे. डिकी म्हणजे अमेरिकेत ट्रंक, ब्रिटनमध्ये बूट. पावागडचा रोपवे तो त्यांचा केबल कार. बाथरूम कुठे हे अमेरिकेत रेस्टरूम, कॅनडात वॉशरूम, ब्रिटनमध्ये टॉयलेट म्हणून विचारा. आणि अमेरिकेत तळमजल्यालाच फर्स्ट फ्लोर म्हणतात, एक काका लिफ्टपाशी फर्स्ट फ्लोरवर मुलाची वाट बघत राहिले आणि मुलगा खाली, दोघंही आपापल्या जागी बरोबर.

सहावी पायरी, सराव, आणि तो आरशासमोर नाही. बाहेर पडा. लक्ष्मी विलास पॅलेसला जा आणि बरोबरच्याला इंग्रजीत दाखवा, तुम्ही गाइड. इथे एक छान गोष्ट आपोआप शिकली जाते. आपण म्हणतो सयाजीराव महाराजांनी राजवाडा बांधला, आणि तसंच इंग्रजी करतो, बिल्ट बाय. पण तो बांधला मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावर, ते गेल्यावर रॉबर्ट चिझम यांनी काम पुरं केलं, 1890 साली. म्हणून इंग्रजीत बिल्ट फॉर द महाराजा, महाराजांसाठी बांधलेला. बाय आणि फॉर मधला हा फरक पुस्तकातून सांगून कळत नाही, त्या कमानीखाली उभं राहून दोनदा बोललं की पक्का होतो.

मग चांपानेर-पावागडला जा, 2004 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथे परदेशी पाहुणे भेटतातही, विचारा त्यांना कुठून आलात. ते हमखास विचारतात वडोदरा किती लांब. इथे आपला ‘लांब’ आणि त्यांचा ‘लाँग’ कानाला सारखे लागतात आणि गोंधळ होतो. अंतर विचारलं तर हाऊ फार, उत्तर अबाउट फिफ्टी किलोमीटर्स. वेळ विचारला तर हाऊ लाँग डझ इट टेक, उत्तर तासांत. केवडियाला, म्हणजे आताच्या एकता नगरला गेलात तर स्टॅच्यू ऑफ युनिटी 182 मीटर, त्याला टॉल म्हणायचं, हाय नाही. हाय पावागडचा डोंगर. माणूस, झाड, इमारत, पुतळा हे टॉल.

सराव करताना बरोबर असा माणूस घ्या जो मध्येमध्ये टोकणार नाही. दर वाक्याला चूक काढणारा नवरा किंवा मुलगा असेल तर त्याला घरी ठेवा, खरंच, मी चांगल्या बोलणाऱ्या बायका असल्या टोकण्याने गप्प झालेल्या बघितल्यात. चुका वहीत लिहून ठेवायच्या आणि घरी आल्यावर सांगायच्या.

निघायच्या आदल्या दिवशी एका चिठ्ठीवर चारच वाक्यं लिहा आणि पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा: मी कुणाला भेटायला आलेय, किती दिवस, कुठे राहणार, परतीचं तिकीट आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिली तरी चालतील. माझी ती पहिली चिठ्ठी अजून जुन्या पासपोर्टमध्ये आहे, दुसऱ्या खेपेला लिहिलेली, तिच्यावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहिलंय, व्हिजिटिंग माय डॉटर.