माल उचलताना नाही, ठेवताना बोट चेंगरतं: बांधकामाच्या साईटवर या चुका टाळा

बारा वर्षं झाली धुळे-जळगाव पट्ट्यात साईट सांभाळतोय, आणि चेंगरलेली बोटं पाहिली ती बहुतेक माल खाली ठेवतानाच. उचलताना सगळे सावध असतात, पण ठेवायची वेळ येते तोवर दम संपलेला असतो, हाताला घाम असतो, आणि एकानं सोडलं की दुसऱ्याची बोटं खाली.

गेल्या उन्हाळ्यात किचन ओट्याचा कडप्पा बसवत होतो, चौघं जण. पुढचा पोरगा बाजूच्याला म्हणाला "सोड रे भो", मागच्याला वाटलं आपल्यालाच सांगितलं. तिसऱ्याचं मधलं बोट कडप्पा आणि विटेच्या मधी. नख काळंनिळं होऊन उचललं गेलं, दीड महिना त्याला घमेलं धरता येईना, रोजी बुडाली ती वेगळीच.

तेव्हापासून माझ्याकडं माल उचलायच्या आधीच ठेवायच्या जागी फळीचे दोन तुकडे टाकतात. माल त्यावर टेकतो, बोटं काढायला जागा राहते, मग पहारीनं जरा उचलून तुकडे ओढून घ्यायचे, हातानं नाही. आणि "सोड" म्हणणारा एकच माणूस, बाकीच्यांनी गप्प राहायचं.

सळईचं वेगळं. १२ एमएमची १२ मीटरची सळई साडेदहा किलोच्या आसपास भरते, म्हणून लोक चार-चार खांद्यावर घेतात, पण बंडलची तार तोडली की सळया घरंगळतात, तेव्हा मधी हात घालू नका, टोकाकडून एकेक ओढा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडं दुपारी सळई हातात धरवत नाही, चटका बसला की माणूस झटक्यात सोडतो आणि ती दुसऱ्याच्या हातावर पडते. सळई सकाळीच हलवून घ्या.

सळईला जाड ग्लोव्हज घाला. ओल्या सिमेंटला कापडी चालत नाहीत, ते भिजून कातडीला चिकटून राहतात आणि हात भाजतो, तिथं रबरीच पाहिजेत. कटर किंवा मिक्सर फिरत असेल तिथं मात्र सैल ग्लोव्हज नकोच. अंगठी, कडं घरी ठेवून या, अंगठी अडकली की बोटाची कातडी सोलून निघते.

लागलंच तर हळद, चुना, डिझेल काही लावू नका. स्वच्छ पाण्यानं धुवा, फडक्यानं दाबून धरा, हात वर ठेवा, धनुर्वाताचं इंजेक्शन विचारून घ्या. अंगठी राहिलीच असेल तर सूज चढायच्या आत काढा. बोट तुटलं तर तुकडा स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फात ठेवा, तुकड्याला थेट बर्फ लावू नका, आणि पेशंटबरोबरच पाठवा.