दुकानात कामाला लागताय? आधी ब्रेकचं बोलून घ्या

इंग्लंडमध्ये आल्यावर आपल्यातल्या पुष्कळांना पहिलं काम मिळतं ते दुकानात. कोपऱ्यावरचं पेपर-किराण्याचं दुकान, ऑफ लायसन्स म्हणजे दारूचं दुकान, पेट्रोल पंपावरचं शॉप, नाहीतर सुपरमार्केटमध्ये रात्रीचा माल लावणं. मी २००९ साली लग्न होऊन साताऱ्याहून लंडनला आले, तेव्हा मीही हॅरोजवळच्या एका छोट्या दुकानात टिलवर, म्हणजे पैसे घ्यायच्या काउंटरवर, उभी राहिले. आता सुपरमार्केटमध्ये शिफ्ट मॅनेजर आहे, आठवड्याचा रोटा, म्हणजे कुणाची शिफ्ट कधी याचं वेळापत्रक, मीच लावते. ब्रेक मागायला कचरणारी पोरही मीच होते आणि ब्रेक देणारीही आता मीच आहे, म्हणून हे लिहिते आहे.

दर सप्टेंबरला नवीन मुलंमुली भेटतात. तासाला किती मिळतात, हे सगळे विचारतात. ब्रेक किती आणि कधी, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

त्या दुकानात माझी शिफ्ट सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. डब्यात पोळी-भाजी. टिलखालच्या कप्प्यात फॉइल उघडून ठेवायचं, एक घास घ्यायचा की दाराची घंटी वाजायची. हात पुसायचे, लॉटरीचं तिकीट काढून द्यायचं. दुसरा घास, पुन्हा घंटी, कुणाला गॅसच्या मीटरचं टॉप-अप हवं. मग पार्सल न्यायला कोणी. चार वाजेपर्यंत पोळीच्या कडा वाळून कडक व्हायच्या आणि अर्धी तशीच घरी परत यायची. यात काही चुकतंय असं मला वाटतच नव्हतं. मालक अंकलसुद्धा उभ्या उभ्याच खायचे. आपल्याकडे मालक जेवल्याशिवाय गडी जेवत नाही, हे मी लहानपणापासून बघितलेलं. शिवाय ते माणूस म्हणून चांगले होते. उशीर झाला तर गाडीने घरी सोडायचे, "तू घरचीच आहेस" म्हणायचे आणि ते मनापासूनच म्हणायचे. घरच्या माणसाकडे वीस मिनिटं कशी मागायची?

रोज सकाळी पेपर न्यायला येणाऱ्या एक वयस्कर बाई होत्या, त्यांचं सगळं आयुष्य दुकानांत काम करण्यात गेलेलं. एकदा त्यांनी माझा तो उघडा डबा पाहिला आणि सरळ विचारलं, "तुझा ब्रेक किती वाजता असतो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सगळं नीट सांगितलं.

इथे १९९८ पासून कामाच्या वेळेचे नियम आहेत. दिवसात सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर सलग वीस मिनिटांची विश्रांती मिळालीच पाहिजे. ती शिफ्टच्या मध्ये कुठेतरी हवी. "वीस मिनिटं उशिरा ये" किंवा "वीस मिनिटं लवकर जा" म्हणजे ब्रेक नव्हे. त्या वेळेत तुम्ही टिल सोडून जाऊ शकता, दुकानाबाहेरही जाऊ शकता. अठरा वर्षांखालच्यांना साडेचार तासांपेक्षा जास्त काम असलं की तीस मिनिटं.

इथे "पेक्षा जास्त" हे शब्द नीट वाचा. बरोबर सहा तासांची शिफ्ट लावली तर या नियमाने ब्रेक लागू होत नाही. म्हणून रोट्यावर बारा ते सहा अशी शिफ्ट दिसली आणि प्रत्यक्षात तुम्ही रोज साडेसहाला निघत असाल, तर तो अर्धा तास लिहून ठेवा. त्या अर्ध्या तासानेच तुमचा हक्क उभा राहतो.

मोठ्या कंपन्या कायद्याच्या पुढे जाऊन जास्त ब्रेक देतात, ते तुमच्या करारात लिहिलेलं असतं. कामाच्या अटींचा कागद पहिल्या दिवसापर्यंत हातात द्यावा लागतो. नाही मिळाला तर मागा. ब्रेकचे पैसे मिळणार की नाही, हेही त्या कागदावरच ठरतं. कायदा ब्रेक देतो, त्या वेळेचा पगार देईलच असं नाही.

पण पैसे कापायचे असतील तर तो ब्रेक खरा असला पाहिजे. छोट्या दुकानात सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. पगाराच्या हिशेबात रोज अर्धा तास वजा, आणि त्या अर्ध्या तासात तुम्ही घंटी वाजली की उठताय. तो ब्रेक नाही, ते कामच आहे. एप्रिल २०२६ पासून २१ वर्षं आणि त्यावरच्यांना तासाला किमान १२.७१ पौंड द्यावे लागतात. आठवड्याला पाच शिफ्ट, रोजचा अर्धा तास, म्हणजे अडीच तास. जवळजवळ ३२ पौंड. साताऱ्यातल्या माझ्या आईने हा आकडा रुपयांत मांडला तेव्हा तिने डोक्याला हात लावला होता, आणि तेव्हा तर दर निम्म्याहून कमी होता.

दुकान उघडण्याआधी पेपरचे गठ्ठे आत ओढायचे, ते सोडून त्या त्या वर्तमानपत्रांत पुरवण्या घालायच्या, हेही काम आहे. दुकान बंद झाल्यावर टिल मोजायचं, झेड रिपोर्ट म्हणजे दिवसभराच्या विक्रीची पावती काढायची, शटर ओढायचं, हेही कामच. रोट्यावर सात ते तीन लिहिलं असेल आणि तुम्ही साडेसहाला गठ्ठे उचलत असाल, तर तुमचा दिवस साडेसहाला सुरू होतो.

मी अंकलना विचारलं. आदल्या रात्री वाक्य घोकलं होतं, आवाज तरी थरथरत होता. ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "आधी का नाही बोललीस?" तेव्हापासून दीड वाजता त्यांच्या पत्नी वरच्या घरातून खाली यायच्या, टिलवर बसायच्या, आणि मी बसस्टॉपजवळच्या बाकावर पोळी खायचे. सगळीकडे असं होत नाही, हे मला माहीत आहे. नंतरच्या दुसऱ्या दुकानात मी हेच विचारलं तर पुढच्या आठवड्याच्या रोट्यावर माझे तास निम्मे झाले होते. मी ते काम सोडलं. सोडताना माझी वही माझ्याजवळ होती, म्हणून राहिलेले पैसे मिळाले.

त्या वहीबद्दल थोडं सविस्तर सांगते. खिशात मावेल अशी एक वही घ्या, किंवा फोनमध्ये लिहा, पण रोज लिहा. तारीख, किती वाजता आलात, किती वाजता निघालात, ब्रेक कधी सुरू झाला, कधी संपला, मध्ये उठावं लागलं का. रोट्याचा फोटो काढा, कारण तो कागद आठवड्याने फाडून टाकतात. पगाराच्या स्लिपवर तासांप्रमाणे पगार असेल तर तास दिसायलाच हवेत, ते वहीशी ताडून बघा. स्लिपच मिळत नसेल, सगळं पाकिटात रोख मिळत असेल, तर तुम्ही वही जास्तच काटेकोर ठेवा.

विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. पदवीच्या अभ्यासक्रमाला असाल तर टर्म चालू असताना आठवड्याला वीस तास, त्यापुढे एक मिनिटही नाही. आठवडा सोमवार ते रविवार धरतात आणि सगळ्या नोकऱ्यांचे तास एकत्र मोजतात. "वीस स्लिपवर, बाकीचे रोख" असं कुणी म्हणालं तर ती मदत वाटते. भाडं भरायचं असतं, घरून पैसे मागायला जीव होत नाही, मला सगळं समजतं. पण एकविसावा तास घेतला की तुम्ही त्या माणसाच्या हातात जाता. मग ब्रेक नाही दिला, किमान दरापेक्षा कमी दिले, तरी तुम्ही तोंड उघडू शकत नाही. तुम्ही बोललात तर तो व्हिसाचं बोलेल. माझ्या ओळखीतली एक मुलगी वर्षभर अशीच दहा-दहा तास उभी राहिली. पोटात अन्न नाही म्हणून एकदा स्टॉकरूममध्ये चक्कर येऊन पडली, तरी "घरी सांगू नका" म्हणत होती. मुलांनो, तो एकविसावा तास घेऊ नका. आणि पासपोर्ट कुणाकडेही "ठेवायला" देऊ नका. काम करण्याचा हक्क ऑनलाइन शेअर कोडने, म्हणजे सरकारी वेबसाइटवरून तुम्ही काढून दिलेल्या कोडने, तपासता येतो.

दोन शिफ्टमध्ये अकरा तासांचं अंतर हवं. रात्री अकराला दुकान बंद करून सकाळी सातला उघडायचं म्हणजे हातात आठच तास, त्यातला एक बसमध्ये. शिफ्ट बदलताना काही अपवाद नियमात आहेत, पण तेव्हा ती बुडालेली विश्रांती नंतर भरून द्यावी लागते. आठवड्यातून सलग चोवीस तास सुट्टी, किंवा पंधरवड्यातून अठ्ठेचाळीस. वर्षाला ५.६ आठवडे भरपगारी रजा. पाच दिवस काम करणाऱ्याला २८ दिवस, पार्ट-टाइम असाल तर त्या प्रमाणात. पार्ट-टाइमला रजा नसते, असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे.

आता खुर्ची. टिलवर बसायला संकोच वाटतो, कारण बसलेला नोकर म्हणजे कामचुकार, असं आपल्या मनात बसलेलं असतं. या देशात १८९९ साली दुकानातल्या बायकांच्या बसण्यासाठी खास कायदा झाला. दर तीन स्त्रियांमागे निदान एक आसन ठेवायचं, असा. आता १९९२ चे नियम आहेत. जे काम किंवा कामाचा मोठा भाग बसून करता येतो, तिथे योग्य आसन द्यावंच लागतं, बाई असो की बाप्या. सुपरमार्केटच्या टिलवर माणसं बसलेली दिसतात ती त्यामुळे. भारतातही केरळात साड्यांच्या दुकानांतल्या बायका यासाठी झगडल्या. २०१८ मध्ये तिथल्या कायद्यात बसण्याची सोय आली, २०२१ मध्ये तमिळनाडूत. मी पहिल्या वर्षी उभी राहून पायांच्या शिरा फुगवून घेतल्या, त्या अजून दुखतात. स्टूल मागा. टॉयलेट आणि पिण्याचं पाणी तर मागावंही लागू नये. टॉयलेट मालकाच्या घरात वर आहे आणि दुकानात तुम्ही एकट्याच आहात, तर जायचं कसं, हे काम स्वीकारायच्या दिवशीच ठरवून घ्या. मुलींनी तर नक्कीच. मी पाणी पिणंच कमी केलं होतं, आणि त्याचं औषध पुढे दोन महिने घ्यावं लागलं.

टिलमध्ये पैसे कमी निघाले तर? करारात आधी लेखी असल्याशिवाय तुमच्या पगारातून कापता येत नाहीत. असलं तरी दुकानातल्या नोकराच्या एका पगारातून, कर कापायच्या आधीच्या रकमेच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. नोकरी सोडताना शेवटच्या पगाराला मात्र ही मर्यादा लागू होत नाही. तेव्हा शिफ्ट सुरू करताना फ्लोट, म्हणजे टिलमध्ये सुरुवातीला ठेवलेली सुट्टी रोकड, स्वतः मोजा आणि आपल्या लॉगिनवर दुसऱ्याला विक्री करू देऊ नका, मित्र असला तरी.

ब्रेक मागायचा कसा, हे मला सगळ्यात जास्त विचारतात. आपण "सॉरी, इफ यू डोन्ट माइंड" पासून सुरुवात करतो आणि समोरच्याला वाटतं, काहीतरी जादा मागतेय. शिफ्टच्या सुरुवातीलाच शांतपणे विचारा, "व्हॉट टाइम इज माय ब्रेक टुडे?" ब्रेक आहे हे त्यात गृहीत आहे, फक्त वेळ ठरवायची आहे. गर्दीची वेळ असेल तर "कॅन आय गो अ‍ॅट टू इन्स्टेड?" एवढंच. माझ्या टीममध्ये कुणी ब्रेक न घेता काम करत राहिलं तर मी त्याला शाबासकी देत नाही, कारण रोटा लावण्यात माझं चुकलेलं असतं आणि जाब मला द्यावा लागतो. आपली मुलं "इट्स ओके, आय विल मॅनेज" म्हणतात. म्हणू नका.

बोलूनही ऐकलं नाही तर तेच लेखी कळवा. साधा मेसेज पुरतो, त्यात तारीख येते. मग एकासला, म्हणजे नोकरीतल्या तंट्यांवर सल्ला देणाऱ्या सरकारी संस्थेला, फोन करा, ०३०० १२३ ११००, सल्ल्याचे पैसे लागत नाहीत. दुकान कामगारांची मोठी युनियन उस्दॉ, तिचं सभासदत्व छोट्या दुकानातल्या माणसालाही घेता येतं. थांबून राहू नका, दावा करायची मुदत महिन्यांत मोजतात, वर्षांत नाही. आणि फोन लावताना वही समोर उघडी ठेवा, कारण तारखा आणि वेळा ते तुम्हाला विचारणारच.