फ्लिप रंग मारायला शिकायचंय? मग आधी हे वाचा

आयटीआयमधून नवीन पोरं आली की पहिल्याच आठवड्यात विचारतात, दादा तो फ्लिप, म्हणजे बघायची बाजू बदलली की हिरव्याचा जांभळा होणारा रंग कधी मारायला मिळणार. मी भोसरीत बॉडी शॉपला पेंटर आहे, अकरा वर्षं झाली, आणि मलाही या लाइनीत त्याच रंगाने ओढलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी डोक्यात पक्कं करा की त्या डब्यात हिरवा पण नसतो आणि जांभळा पण नसतो. धूपछाव पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणजे दोन्ही रंग खरेच तिथे असतात, इथे तसं नाही, इथे पावसात रस्त्यावर सांडलेल्या ऑइलवर रंग दिसतात ना तो प्रकार आहे. डब्यात असतात बारीक फ्लेक, साधारण एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे, आणि तेवढ्यात पाच थर: मधे अ‍ॅल्युमिनियम, त्याच्या दोन्ही बाजूला मॅग्नेशियम फ्लोराइड, आणि सगळ्यात बाहेर दोन्हीकडे क्रोमियम, इतकं पातळ की थोडा प्रकाश तिथूनच परत फिरतो आणि थोडा आत जाऊन अ‍ॅल्युमिनियमवर आपटून येतो. हे दोन प्रकाश परत भेटतात तेव्हा ज्या रंगाच्या लाटा जुळतात तो रंग उजळतो, बाकीचे मरतात. तिरकं बघितलं की दोघांच्या वाटेतला फरक कमी होतो (उलटं वाटतं ऐकायला, पण सूत्रात कोसाइन आहे, एकदा कागदावर काढून बघा) म्हणून रंग कमी तरंगलांबीकडे सरकतो, म्हणजे हिरव्याचा निळा, निळ्याचा जांभळा. खिशातली पाचशेची नोट काढा आणि हलवून बघा, तिचा धागा हिरव्याचा निळा होतो, तत्त्व हेच आहे.

गाड्यांमधे फोर्डने 1996 च्या मस्टँग कोब्रावर मिस्टिक नावाने हा रंग दिला, नंतर 1999 मधे निसानने स्कायलाइन जीटी-आरवर मिडनाइट पर्पल 2 आणला. आपल्याकडे येतात त्या बहुतेक मुद्दाम करून घेतलेल्या गाड्या.

आता हाताचं काम. खाली काळा बेस, त्यावर फ्लिपचे पातळ हात (थर), वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. काळा का, तर फ्लेकच्या फटीतून खाली गेलेला प्रकाश काळा गिळून टाकतो, पांढऱ्यावर मारला तर तो परत येतो आणि सगळा फ्लिप फिका पडतो. त्या काळ्यात एक जरी ओरखडा राहिला तरी तो वरून दिसतो, म्हणून मी पोरांना सहा महिने नुसता काळा मारायला लावतो आणि ते वैतागतात, पण माझा त्यावर ठाम विश्वास आहे. फ्लेक पत्र्यावर आडवे झोपले पाहिजेत, सगळा खेळ तिथेच आहे. ओला जाड हात मारला की ते पोहतात, उभे राहतात, आणि चट्टे पडतात. स्प्रे गनचं अंतर आणि हाताचा वेग एकसारखा ठेवा, ओव्हरलॅप जास्त घ्या, डबा मधेमधे हलवत राहा कारण फ्लेक तळाला बसतात, आणि फ्लिपच्या हातावर घासायचा पेपर मारू नका, चट्टा पडला तर परत काळ्यापासून सुरू.

माझी चूक सांगतो. चौथ्या वर्षी एका गाडीचा पुढचा बंपर आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) करायचा होता, बंपर काढून टेबलावर आडवा ठेवून मारला आणि फेंडर गाडीवरच उभा. ट्यूबलाइटखाली दोन्ही एक दिसले, मी खुश. संध्याकाळी गाडी उन्हात काढली तर फेंडर हिरवा आणि बंपर वांगी कलरचा! डबा एकच, पण आडव्या बंपरवर हात ओला पडला होता. तीन दिवस परत काम केलं आणि मालकासमोर उभं राहताना फार वाईट वाटलं. तेव्हापासून बंपर स्टँडवर, गाडीवर बसतो त्याच पोझिशनला लावतो, आणि आधी टेस्ट कार्ड मारतो, क्लिअरसकट, ते उन्हात गाडीला लावून समोरून, बाजूने, खाली वाकून बघतो. मोठ्या ठिकाणी मल्टी-अँगल मीटर असतं, ते रंग वेगवेगळ्या कोनातून, 15 पासून 110 अंशापर्यंत मोजतं, ते वापरायला मिळालं तर सोडू नका.

मास्कबद्दल हात जोडून सांगतो. टूके, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या क्लिअरच्या हार्डनरमधे आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, एकदा त्याने दमा जडला की ही लाइन सोडावी लागते. रुमाल किंवा कापडी मास्क काही कामाचा नाही, बाहेरून हवा येणारा मास्क मिळाला तर तोच घ्या आणि मालक देत नसेल तर मागा. आणि गिऱ्हाइकाला काम घ्यायच्या आधीच सांगा की आरसी बुकात रंग लिहिलेला असतो, पूर्ण गाडीचा बदलायचा असेल तर आधी आरटीओत विचारून या.

ज्यांना गनपेक्षा रंग बनवण्यात रस आहे त्यांनी बारावी सायन्सनंतर मुंबईच्या आयसीटीचा (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) सरफेस कोटिंगचा, म्हणजे रंग-लेपांचा बीटेक बघा, नागपूरच्या एलआयटी (लक्ष्मीनारायण) संस्थेतही या विषयाचं शिक्षण आहे. हे फ्लेक प्लास्टिकच्या फिल्मवर व्हॅक्यूममधे थर चढवून, मग सोलून, दळून बनवतात, ते काम मला अजून एकदा तरी डोळ्यांनी बघायचंय.