दुसऱ्या देशातल्या शाळेसोबत प्रोजेक्ट करायचाय? मग आधी ही तयारी उरका

पार्टनर शाळा मिळाली की सगळ्यांना आधी व्हिडिओ कॉल लावायची घाई असते. पहिल्या कॉलला मुलं खूश होतात, नावं सांगून होतात, छंद सांगून होतात आणि तिसऱ्या कॉलपर्यंत बोलायला काही उरतच नाही. म्हणून तयारीत सगळ्यात आधी प्रश्न ठरवायचा, आणि तो असा हवा की समोरच्या वर्गाशिवाय सुटणारच नाही. 'आमच्या गावाची माहिती' यात प्रोजेक्ट होत नाही, ती माहिती नेटवर पडलेली असते. पण 'तुमच्याकडे आणि आमच्याकडे सायकल दुरुस्त करणारे हे काम कुणाकडून शिकले आणि आता त्यांच्या हाताखाली कोण शिकतंय' हे विचारलंत की अर्धं उत्तर तिकडेच असतं, आणि इकडच्या मुलांनाही शाळेबाहेर पडून माणसांशी बोलावंच लागतं. शाळा, गावातले व्यावसायिक आणि वस्तीतली माणसं एकत्र येणं म्हणतात ते इथून सुरू होतं असं मला मनापासून वाटतं.

पार्टनर शोधायला ओळखीपाळखीवर विसंबू नका, देशोदेशीच्या शाळा जोडून देणारी नेटवर्क आहेत. आयअर्न हे नेटवर्क १९८८ मध्ये न्यूयॉर्क आणि मॉस्कोतल्या शाळा जोडण्यातून सुरू झालं, म्हणजे शाळांमध्ये इंटरनेट पोचायच्याही आधी, युरोपात ईट्विनिंग २००५ पासून आहे आणि युनेस्कोचं शाळांचं जाळं तर १९५३ पासूनचं. पहिलीच वेळ असेल तर स्वतःचा प्रोजेक्ट काढण्यापेक्षा चालू असलेल्या एखाद्यात शिरा. आयअर्नच्या लर्निंग सर्कलची पद्धत मला फार आवडते, सहा ते आठ वर्ग एकत्र येतात, प्रत्येक वर्ग एकेक विषय पुढे नेतो आणि बाकीचे त्याला माहिती पुरवतात, त्यामुळे एखादा वर्ग मधेच गळाला तरी काम थांबत नाही. दोनच शाळा असतील तर दोन्हीकडे प्रत्येकी दोन शिक्षक तरी हवेतच, कारण एका माणसाची बदली झाली की सगळं तिथेच संपतं.

मग कॅलेंडर. यावर हवा तेवढा वेळ घाला, कारण टेक्नॉलॉजीपेक्षा जास्त प्रोजेक्ट इथे अडकतात. जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या शेवटी, युरोप-अमेरिकेत साधारण ऑगस्ट-सप्टेंबरला. दोन्ही शाळांच्या सुट्ट्या, परीक्षा, गॅदरिंग सगळं एकाच शीटमध्ये भरा आणि उरलेले आठवडे मोजा, ते अपेक्षेपेक्षा कमीच निघतात, आणि त्यातलेही दोन आठवडे अडीअडचणीसाठी बाजूला ठेवूनच प्लॅन करा. घड्याळाचंही बघा. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये एरवी पाच तासांचा फरक असतो, पण अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि ब्रिटन शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे तो फरक चारच तासांचा होतो आणि ठरलेल्या वेळेला एक वर्ग रिकाम्या स्क्रीनसमोर बसून राहतो. जपानसारखे देश तर घड्याळ बदलतच नाहीत. म्हणून वेळ लिहिताना दोन्ही गावांची स्थानिक वेळ आणि यूटीसी (जगभर एकच धरली जाणारी प्रमाण वेळ), तिन्ही लिहा. तारखेतला महिना अक्षरात लिहा, कारण ०३/०४ म्हणजे अमेरिकेत ४ मार्च आणि बऱ्याच ठिकाणी ३ एप्रिल.

आता मुलं ज्यांच्याकडून माहिती घेणार त्या गावातल्या व्यावसायिकांचं. त्यांच्याकडे शाळा बहुतेक वेळा पैसे मागायलाच जाते, आणि माझ्या मते तिथेच चुकतं. त्यांचं काम आणि त्यांना आलेल्या अडचणी हेच मुलांना खरं हवं असतं. 'आमच्या प्रोजेक्टमध्ये सहभागी व्हाल का' असं मोघम विचारलं की समोरचा हो म्हणतो आणि नंतर फोन उचलत नाही. त्यापेक्षा मेसेज असा असू द्या: आठवीची चार मुलं येतील, सोबत एक शिक्षक असतील, पंचवीस मिनिटं लागतील, हे पाच प्रश्न विचारू, या दोन तारखांपैकी एक सांगा, आणि लिहून झालं की छापण्याआधी तुम्हाला दाखवू. एवढं नेमकं विचारलं की माणसाला होकार देणं सोपं जातं. लोगो कुठे लागणार, मालाची जाहिरात होणार की नाही, कारखान्यात फोटो चालतील का, हे पहिल्याच भेटीत बोलून कागदावर घ्या, नंतर ते बोलायला फार अवघड जातं. वस्तीतल्या लोकांचंही तसंच, ज्या आजोबांकडून माहिती घेतली त्यांना ती नीट वाचून दाखवायची, त्यांनी 'हे काढा' म्हटलं तर काढायचं, त्यात वाद घालायचा नाही.

पालकांची परवानगी लेखी हवी, आणि फोटो, आवाज, नाव, लिखाण यांची संमती वेगवेगळी घ्या, काही पालकांना लिखाण चालतं पण फोटो नको असतो. कायदे प्रत्येक देशात वेगळे आहेत, मुलांचा डेटा ऑनलाइन घेताना पालकांची संमती अमेरिकेत १३ वर्षांखालच्यांसाठी लागते, युरोपियन युनियनमध्ये देशाप्रमाणे ही मर्यादा १३ ते १६ आहे, भारताच्या २०२३ च्या कायद्यात १८. दोघांमधला जो कडक नियम असेल तोच दोन्हीकडे पाळा म्हणजे गोंधळ नको. मुलांचं फक्त पहिलं नाव वापरा.

मोजमापाचा प्रोजेक्ट असेल तर पद्धत आधी ठरवा. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ग्लोब या पर्यावरणाच्या नोंदी घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात शाळा हवेचं तापमान घेतात ते सूर्य डोक्यावर येण्याच्या वेळेच्या एक तास अलीकडे-पलीकडे, घड्याळातले बारा बघून नाही, म्हणून वेगवेगळ्या देशांतले आकडे शेजारी ठेवता येतात. तुमचा प्रोजेक्ट छोटा असला तरी कोणत्या वेळी, कशाने, सेल्सिअस की फॅरेनहाइट, हे एका पानावर लिहून दोन्ही वर्गांनी दोन दिवस ट्रायल घ्या.

टूल्स कमीत कमी ठेवा, एक शेअर फोल्डर आणि एक कॉलचं ॲप पुरे, पण ते दोन्ही शाळांच्या नेटवर उघडतं का हे शाळेतल्याच कॉम्प्युटरवर तपासा, घरी चालणारं शाळेत ब्लॉक असू शकतं. लाइव्ह कॉल जमलाच नाही तर रेकॉर्ड केलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ चालतो, उलट बुजऱ्या मुलांना तोच बरा पडतो. भाषेसाठी मुलांना छोटी वाक्यं लिहायची सवय लावा, मशीन ट्रान्सलेशन वापरलं तर तसं खाली लिहायला सांगा.

शेवटी काय तयार होणार आणि ते कोण जपणार हेही सुरुवातीलाच ठरवा. वेबपेज असेल तर त्याचा पासवर्ड शाळेच्या अकाउंटवर हवा, शिक्षकाच्या खासगी ईमेलवर नको. ज्यांनी वेळ दिला त्या सगळ्यांची यादी पहिल्या दिवसापासून भरत जा, म्हणजे काम पूर्ण झाल्यावर प्रत्येकाला लिंक आणि मुलांच्या हातची चार ओळींची चिठ्ठी पाठवता येईल, आणि त्यात पुढच्या वर्षी पुन्हा येऊ का हेही विचारून घ्या.