वांगी रंगाचा गठ्ठा आणि करारातील तीन ओळी : नागपुरातील फॅशन छायाचित्रण व मॉडेल व्यवस्थापनाचा अनुभव

कॅमेरा हाती येण्यापूर्वी मी नागपूरच्या इतवारी बाजारातील एका घाऊक साडी व्यापाऱ्याकडे हिशेब लिहीत असे. 2013 च्या सुमारास गोंदिया, चंद्रपूर, छिंदवाडा इकडच्या दुकानदारांना साड्यांची छायाचित्रे मोबाइलवर पाठवून मागणी घेण्याची पद्धत आमच्याकडे सुरू झाली आणि ते काम आपोआप माझ्याकडे आले. पहिल्याच हंगामात वांगी रंगाच्या साड्यांचा एक गठ्ठा परत आला, कारण छायाचित्रात तो रंग चक्क निळा दिसत होता. शेठजी रागावले नाहीत. त्यांनी गठ्ठ्याच्या जाण्यायेण्याचे भाडे माझ्याच वहीत मला लिहायला लावले.

त्या भाड्याच्या आकड्याने मला पहिला धडा दिला. दुकानातील ट्यूबलाइटचा हिरवट उजेड आणि दारातून येणारा दिवसाचा उजेड एकाच साडीवर पडला की कॅमेरा दोन्हींचा मेळ घालू पाहतो आणि त्यात रंग बिघडतो. मग मी ट्यूब बंद करून साडी दाराजवळ आणू लागले, पहिल्या छायाचित्रात करड्या रंगाचे कार्ड ठेवून त्यावरून व्हाइट बॅलन्स (कोणत्याही उजेडात पांढरा पांढराच दिसावा, अशी कॅमेऱ्याची रंगजुळणी) ठरवू लागले आणि पाठवण्यापूर्वी खरी साडी पडद्याशेजारी धरून ताडून पाहू लागले. जांभळ्या छटा अजूनही चकवतात. मोरपंखी आणि राणी त्या मानाने गुणी आहेत. फॅशन छायाचित्रण शिकू पाहणाऱ्याने चेहऱ्यांच्या आधी कापडाकडे पाहावे, असे माझे मत आहे, कारण पैसे देणारा माणूस कापड विकत असतो.

रीतसर शिक्षण नसल्याची खंत अनेक नवोदितांना असते. पण नावाजलेले छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष (1950–2011) रसायनशास्त्र शिकलेले होते आणि जाहिरात संस्थेतील नोकरीतून या क्षेत्रात आले. फॅशन छायाचित्रकार प्रबुद्ध दासगुप्ता (1956–2012) आधी जाहिरातींचा मजकूर लिहीत असत. मात्र दोघांचेही दिवस चित्रांच्या सहवासात जात होते, हे विसरू नये. नागपुरात तो सहवास स्वतः जमवावा लागतो. मी जुन्या मासिकांतील पाने कापून प्रत्येक चित्रात उजेड कुठून आला आहे, ते डोळ्यांतील चमकेवरून ओळखण्याचा सराव वर्षभर केला.

सामानाबाबत थोडक्यात सांगते. जुना, वापरलेला कॅमेरा आणि 50 मिमी, एफ 1.8 ची (कमी उजेडातही चालणारी) लेन्स यांवर मी तीन वर्षे काढली. उन्हाला मऊ करण्यासाठी मी गांधीबागेतून मांजरपाट आणून लाकडी चौकटीवर ताणले आणि सगळे चेहरे पिवळट आले. मांजरपाट न धुवलेले, मूळ सुताच्या रंगाचे असते, हे कापडाच्या दुकानात काम करूनही माझ्या ध्यानात आले नव्हते! पांढऱ्या मलमलीने ते काम भागले आणि ती चौकट आजही वापरात आहे.

नागपूरचे ऊन हा स्वतंत्र विषय आहे. मे महिन्याच्या अखेरीस दुपारी सूर्य इथे जवळजवळ थेट डोक्यावर येतो, त्यामुळे कपाळ उजळते, डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो आणि पंचेचाळीस अंशांच्या उकाड्यात मेकअप मानेवरून ओघळतो. त्या दिवसांत सूर्योदय साडेपाचच्या सुमारास होतो, म्हणून मेकअप पहाटे चारला सुरू करून साडेआठला काम आटोपावे लागते. उरलेला दिवस खिडकीपाशी घालवावा. तिथेही मॉडेलला खिडकीपासून किती दूर उभे करायचे, याचा विचार हवा, कारण छोट्या खिडकीपासूनचे अंतर दुप्पट केले की उजेड साधारण चौथाईवर येतो. साडी किंवा कुर्ता सैल असेल तर पाठीमागून क्लिपा लावून बसवतात. नवख्या मॉडेलला ते आधी सांगावे, नाहीतर ती वळते आणि सगळे सुटते.

मॉडेलच्या व्यवस्थापनाकडे, म्हणजे त्यांची कामे आणि व्यवहार पाहण्याकडे, मी ठरवून वळले नाही. माझ्याकडे कॅटलॉगसाठी (दुकानाच्या मालाच्या चित्रसूचीसाठी) येणाऱ्या एका मुलीच्या आईने मला मुंबईहून आलेला संदेश दाखवला. मालिकेत काम मिळेल, पण आधी नोंदणीचे पंचवीस हजार भरावेत, असे त्यात होते. मी भरू नका म्हटले. काम देणारा माणूस काम करणाऱ्याकडून पैसे मागत नाही, एवढेच मला तेव्हा ठाऊक होते. व्यवस्थापकाने कमाईतून आपला हिस्सा घ्यायचा असतो आणि तो साधारणतः 15 ते 20 टक्के असतो. कमाई नाही, तर हिस्साही नाही.

हे सांगणाऱ्या मीच पुढे चूक केली. सुरुवातीची दोन वर्षे मी मुलींचे पोर्टफोलिओ (काम मागताना दाखवायचे छायाचित्रसंच) पैसे घेऊन काढत होते आणि त्यांपैकी काहींचे कामही पाहत होते. नागपूरच्या महाल भागातील एका मुलीला रॅम्पवर चालायचे होते. तिची उंची पाच फूट तीन इंच होती आणि रॅम्पसाठी मुलींची उंची साधारण पाच फूट आठ इंचांच्या पुढे पाहतात, हे मला माहीत होते. तरीही मी वीस हजारांचा पोर्टफोलिओ काढला, कारण छायाचित्रकार म्हणून ते माझे गिऱ्हाईक होते. वर्षभर तिला एकही रॅम्प मिळाला नाही. मी पैसे परत द्यायला गेले तेव्हा तिच्या आईने नोटा मोजल्या, चहा दिला आणि विचारले, “ताई, उंची तर तुम्ही पहिल्याच दिवशी मोजली होती ना?”

तेव्हापासून जिचे काम मी पाहते, तिच्याकडून छायाचित्रांचे पैसे घेत नाही आणि जिच्याकडून पैसे घेते, तिला कामाचे आश्वासन देत नाही. नव्या मुलीला सुरुवातीला जाड पोर्टफोलिओ लागतच नाही. पांढऱ्या भिंतीसमोर, खिडकीच्या उजेडात, मेकअपविना समोरून, बाजूने, पाठीमागून आणि चेहरा जवळून अशी चार छायाचित्रे आणि खरी मापे पुरतात. मापे खोटी लिहिली तर कपडे घालून पाहताना ती उघडी पडतात. कॅटलॉगमध्ये कमी उंचीच्या मुलीलाही भरपूर काम मिळते, हे मी त्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते.

कागदाबाबतची चूकही माझीच. एका कापड दुकानासाठी काढलेली छायाचित्रे कॅटलॉगपुरती आहेत, असे तोंडी ठरले होते. पुढच्या दिवाळीत तीच मुलगी वर्धा रोडवरील होर्डिंगवर झळकली. दुकानदाराकडे विचारणा केली, तर त्याने पावती पुढे केली. तीवर फक्त ‘फोटोशूटचे मानधन’ असे लिहिले होते. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाराच असतो. त्यामुळे आता मी माझ्या हक्काची अट वेगळी लिहून घेते आणि मॉडेलच्या करारात तीन ओळी टाळत नाही : छायाचित्र कोणत्या माध्यमात, कोणत्या प्रदेशात आणि किती महिने वापरायचे. होर्डिंग हवे असेल तर त्याचा दर निराळा. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर तिने स्वतः केलेला करार कायद्याने टिकत नाही. अशा वेळी पालकाची सही घ्यावी आणि चित्रीकरणाला पालक हजर असावा.

पैशांच्या हिशेबात सर्वाधिक गैरसमज उद्‌गम करातून, म्हणजे मानधन देतानाच कापल्या जाणाऱ्या करातून (टीडीएस), होतात. मोठी कंपनी व्यावसायिक मानधनातून 10 टक्के टीडीएस कापते, रक्कम हाती पडायला दोन-तीन महिने लागतात आणि मधल्या काळात मुलीच्या घरच्यांना वाटते की पैसे ताईने ठेवले. मी प्रत्येक मुलीसाठी वहीचे एक पान राखते : ठरलेली रक्कम, कापलेला कर, माझा हिस्सा, तिला दिलेली रक्कम आणि तारीख. कापलेला कर तिच्या पॅनवर जमा झालेला दिसतो, तो मी तिच्याच मोबाइलवर तिला उघडून दाखवते.

मुंबईला जावे का, हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारते. संध्याकाळच्या विदर्भ एक्सप्रेसने निघून सकाळी पोहोचायचे, वर्सोव्यात दोन मिनिटांची ऑडिशन द्यायची आणि त्याच रात्री परतायचे, असे मी मुलींबरोबर पुष्कळदा केले आहे. आता पहिली फेरी बहुधा घरी मोबाइलवर केलेल्या चित्रणावरच होते, त्यामुळे दुसऱ्या फेरीचे बोलावणे आल्याशिवाय मी तिकीट काढत नाही. तिकिटाचा खर्च मी करते आणि काम मिळाले तर तो वहीच्या त्याच पानावर, माझ्या हिश्श्याच्या रकान्यात, वळता होतो.